टोपीवाल्यानं तपासलेल्या तीन डिक्शनऱ्या

परभणीत टोप्या-फेट्यांचं दुकान चालवणाऱ्यानं इंग्रजी डिक्शनरीवर रिव्ह्यू लिहावा, हे कुणाला आगाऊपणाचं वाटेल. वाटू द्या. आमच्या मालाच्या फोटोखाली सध्या निळ्या टोपीच्या इमोजीचा पाऊस पडायलाय. 'धुतली तरी रंग जाणार नाही' असं लिहिलं की कृषी विद्यापीठातली पोरं खाली एक निळी टोपी डकवतात. त्याचा अर्थ 'काका, फेकू नका'. हे ज्ञान पुतणीकडून. ती बारावीला आहे, इंग्रजीला फोनवर चांगली डिक्शनरी कोणती म्हणून मागं लागली होती. मग तीन फुकटातल्या बघितल्या आणि तिघींना एकच शब्द विचारला: कॅप.

पहिली अर्बन डिक्शनरी. पोरांची लाडकी. 1999 मध्ये अमेरिकेत अॅरन पेकहॅम नावाच्या कॉलेजातल्या पोरानं खऱ्या डिक्शनऱ्यांची टिंगल म्हणून ती सुरू केली. अर्थ कुणीही लिहायचा, बाकीच्यांनी अंगठा वर करायचा नाहीतर खाली. त्यामुळं कालचा शब्द आज सापडतो. कॅप म्हणजे थाप, नो कॅप म्हणजे आपलं आईशप्पथ, हे इथं दोन मिनिटांत कळतं. त्यापुढं मात्र गर्दी. अंगठे मिळतात ते हसवणाऱ्याला, तो बरोबर असेलच असं नाही. अश्लील उदाहरणं इतकी की लेकरासमोर स्क्रीन फिरवावी लागते. (लेकरानं ती आधीच वाचलेली असतात, ते सोडा.) लोक आपल्या मैत्रिणीचं नाव टाकून तिचं कौतुकच अर्थ म्हणून लिहितात. आणि आवडलेला अर्थ मगवर छापून विकायचीही सोय आहे. धंद्यातला माणूस म्हणून एवढ्यापुरता सलाम.

दुसरी मेरियम-वेबस्टर. नीटनेटकी, भरवशाची, उच्चार ऐकवते. स्लँगसाठी, म्हणजे गल्लीतल्या चालू बोलीसाठी, वेगळा विभाग आहे. परीक्षेपुरतं विचाराल तर हीच घ्या. जाहिराती फार. पुढं जाऊ.

तिसरी ग्रीन्स डिक्शनरी ऑफ स्लँग. हिच्यासाठीच हे सगळं लिहायलोय. जोनाथन ग्रीन हा ब्रिटिश माणूस, जन्मभर स्लँगच गोळा करत बसलेला. 2010 मध्ये त्याचे तीन जाडजूड खंड निघाले, 2016 मध्ये सगळं ऑनलाइन आलं. पाचेक शतकांची इंग्रजी स्लँग त्यात आहे. प्रत्येक अर्थापुढं साल, आणि त्या सालात तो शब्द जिथं छापला गेला ते वाक्य. कापड दाखवताना दुकानदारानं गिरणीचा शिक्का दाखवावा, तसा हा कारभार. शिवाय स्पेलिंग एक पण मूळ वेगळं असेल तर नोंद वेगळी. शब्द कुणाच्या तोंडचा, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा की ऑस्ट्रेलियातला, तेही बाजूला टिपलेलं.

ही पद्धत कळली की 'कॅप' उलगडायला लागतो. गोळी घालण्याला अमेरिकन बोलीत कॅप म्हणतात, त्याचा डोक्याशी संबंध नाही. जुन्या बंदुकीत बार उडवायला तांब्याची बारकी टोपी बसवायचे, तिथून ते आलं. दिवाळीत पोरं फोडतात त्या टिकल्यांनाही इंग्रजीत कॅपच म्हणतात. नशेच्या गोळीला कॅप म्हणतात ते कॅप्सूलचं लघुरूप. आणि थापेची कॅप? पुतणी म्हणाली, आपल्या 'टोपी घालणं'सारखंच की! मलाही ऐकायला गोड वाटलं, पण जुळत नाही. आपण टोपी घालतो ती दुसऱ्याला, त्यात त्याचे पैसे जातात. इंग्रजीत एखाद्याच्या गोष्टीला 'कॅप' करणं म्हणजे तिच्यावर कडी करणं. त्यानं दोन हात लांब साप सांगितला तर आपण चार हात लांब सांगायचा. अमेरिकेतल्या काळ्या पोरांमध्ये एकमेकांवर चढाओढीनं टोमणे मारायचा खेळ होता, 1960 च्या दशकात त्याला कॅपिंग म्हणायचे. चढवून सांगणं म्हटलं की फुशारकी आली, फुशारकीच्या मागं थाप आली. अटलांटाच्या रॅपरांच्या गाण्यांतून 2017 च्या आसपास 'नो कॅप' जगभर गेलं, आणि योगायोग बघा, निळ्या टोपीचं इमोजीही त्याच साली मंजूर झालं. म्हणजे ज्याला आमची गिऱ्हाइकं 'रीलची भाषा' म्हणायलीत, ती काळ्या लोकांच्या गल्ल्यांत कित्येक वर्षं घासून-पुसून तयार झालेली आहे. अंगठेवाल्या साइटवर हे शोधायला बसलात तर संध्याकाळ जाईल.

ग्रीन्सच्या तक्रारीही आहेत. पान रूक्ष, चित्र नाही, संक्षेपांची गर्दी. फोनवर डोळे बारीक करावे लागतात. परवाच्या रीलमधला शब्द इथं लगेच मिळेल ही आशा नको. शिव्या इथंही भरपूर, पण सालासकट असल्यामुळं त्या वाचताना लाज कमी वाटते, का कोण जाणे. आणि दहावी-बारावीच्या पोरांना आधी बजावा की यातलं बोर्डाच्या पेपरात लिहायचं नाही.

पाचपैकी ग्रीन्सला साडेचार तारे, मेरियम-वेबस्टरला चार, अर्बनला अडीच. त्यातला अर्धा मगसाठी.

राहता राहिली एक मागणी. गजानन महाराजांची पालखी आमच्या गावातून जाते तेव्हा पांढऱ्या टोप्या घेणारे म्हातारे, उरुसात जाळीच्या टोप्या बघणारी पोरं, आणि लग्नसराईत फेटे भाड्यानं नेणारे नवरदेवाचे दोस्त, यांच्या तोंडून दिवसभर जे ऐकू येतं ते असं सालवार कुणी मांडलंय का? 'पुड्या सोडणं' पहिल्यांदा कुठं छापलं गेलं, हे बघायला मला एक पान पाहिजे. कुणी विद्यापीठवाला करत असेल तर सांगा. शब्द मी काउंटरवर बसून टिपून देतो, चहा माझ्याकडून.