क्योटोची खासगी देवळं-फेरी: सात महिन्यांनी लिहितेय

नोव्हेंबरात घरी पोचायच्या आधीच एजन्सीच्या 'रेटिंग द्या' म्हणून तीन मेल येऊन पडल्या होत्या. तेव्हा दिलं असतं तर रागाच्या भरात दोन तारे देऊन मोकळी झाले असते. आता जून उजाडला. राग गेला, पैसेही विसरले, आणि त्या दिवसातलं नक्की काय उरलंय ते कळायला लागलंय.

आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि आई. आईचं वय ७४, गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. आठ तास, इंग्रजी बोलणारी गाईड, ड्रायव्हरसकट गाडी, मिळून साधारण ७५ हजार येन. देवळांची तिकिटं वेगळी. क्योटोत सिटी बसचं तिकीट २३० येन आहे हे नवऱ्याने मला त्या दिवशी किमान चार वेळा ऐकवलं. पण नोव्हेंबर म्हणजे तिथे लाल पानांचा हंगाम. बसेस कशा भरून चालल्या होत्या ते गाडीच्या काचेतून बघितल्यावर तोही गप्प झाला.

पहिली कुरबूर कार्यक्रमाची. एजन्सीच्या कागदावर आठ तासांत सहा ठिकाणं: फुशिमी इनारी, तोजी, सांजुसांगेन्दो, कियोमिझु, किंकाकुजी आणि वर आराशियामा. नकाशा उघडून बघा. फुशिमी दक्षिणेला, किंकाकुजी वायव्येला, आराशियामा पार पश्चिमेच्या डोंगराशी. कुणीतरी टेबलावर बसून नावं एकाखाली एक लिहिली होती. गाईडबाई साठीच्या असाव्यात. सकाळी सात वाजता भेटल्या भेटल्या त्यांनी आईच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, यातली दोन काढून टाकूया. आम्ही साफ नाही म्हटलं. पैसे सहाचे दिलेत ना!

फुशिमीला इतक्या सकाळी पोचणं मात्र वसूल. देऊळ चोवीस तास उघडं, तिकीट नाही आणि त्या वेळी गर्दीही नाही. शेंदरी रंगाच्या हजारो तोरी, म्हणजे देवळापुढच्या कमानी, एकापुढे एक लागून डोंगरावर गेल्यात. वर जाताना त्या कोऱ्या दिसतात. उतरताना बघितलं की प्रत्येक खांबाच्या पाठीवर काळ्या अक्षरांत देणाऱ्याचं नाव आणि तारीख. दुकानं, कंपन्या, माणसं. इनारी हा मूळचा भाताच्या पिकाचा देव, पुढे धंद्याचाही झाला. बाईंनी हे सांगितल्यावर आई म्हणाली, "अगं, मग जेजुरीच्या कमानी आणि दीपमाळा काय वेगळ्या आहेत? नवस फिटला की बांधायची." मी भाषांतर करून सांगितलं, तर बाईंनी वही काढून 'जेजुरी' लिहून घेतलं. तिथून त्या दोघींचं जमलं ते जमलंच, मी फक्त दुभाषी उरले.

तोजीला उंच पॅगोडा सगळेच बघतात, साधारण ५५ मीटर, जपानमधल्या लाकडी पॅगोड्यांत सगळ्यात उंच. पण बाई आम्हाला आधी शेजारच्या व्याख्यान-सभागृहात घेऊन गेल्या. आत अंधार, लाकडाचा आणि धुपाचा वास, आणि एकवीस मूर्ती. एका टोकाला बोनतेन, चार हंसांवर बसलेला. दुसऱ्या टोकाला ताइशाकुतेन, हत्तीवर. आईला नावं सांगावीच लागली नाहीत. "ब्रह्मदेव. आणि तो इंद्र." बाई हसल्या आणि मान खाली घालून हो म्हणाल्या.

मग सांजुसांगेन्दो. नावाचा अर्थ तेहतीस गाळ्यांचं सभागृह, म्हणजे खांबांमधली अंतरं तेहतीस. लांबी जवळजवळ १२० मीटर. आताची इमारत १२६६ सालची. मधोमध बसलेली कान्नोनची मोठी मूर्ती आणि दोन्ही बाजूंना उभ्या हजार, धरून १००१. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. हजारांच्या पुढे अठ्ठावीस रक्षकदेवता ओळीने उभ्या आहेत, आणि आमचा सगळा दिवस त्या ओळीत अडकला. आई प्रत्येकापुढे थांबत होती. एका चोच-पंखवाल्या मूर्तीपाशी तर ती हलेचना. तो गरुड, तिथे कारुरा म्हणतात, आणि तो चक्क आडवी बासरी वाजवतोय. आई म्हणाली, "धन्याची बासरी याने कधी पळवली?" आतमध्ये फोटोला बंदी आहे, त्यामुळे माझ्याकडे त्याचा एकही फोटो नाही. सात महिन्यांनी डोळ्यांपुढे सगळ्यात स्पष्ट तोच उभा राहतो.

इथे दीड तास गेला. बाहेर आल्यावर आईच म्हणाली, "ती दोन काढून टाका." कियोमिझु आणि आराशियामा गेले. कियोमिझुला गाडी वरपर्यंत जात नाही, चढण चालावीच लागते, हे एजन्सीने 'ज्येष्ठांसाठी सोयीचं' असं छापताना सांगायला हवं होतं.

जेवणाचं विचारू नका. तीनदा लिहून कळवलं होतं, मासा नको, माशाचा रस्साही नको. टोफूच्या हॉटेलात टेबल राखून ठेवलं होतं, पण सोबतच्या वाट्यांमध्ये दाशी, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचं पाणी. बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं म्हणून कळलं तरी. आईने साधा भात मागवला आणि पर्समधून मेतकुटाची पुडी काढली. बाईंना चाखायला दिलं. त्यांना आवडलं, किंवा त्या जपानी आहेत म्हणून तसं दिसलं.

कियोमिझु वगळल्याने वेळ उरला होता. बाईंनी गाडी गिओनजवळच्या एका जुन्या मिठाईच्या दुकानापाशी थांबवली. तिथे सेइजो कान्किदान नावाचा प्रकार मिळतो: वरून चुण्या काढून बांधलेली पुरचुंडी, आत लाल डाळीचं पुरण, तिळाच्या तेलात तळलेली. ही कांगितेनच्या नैवेद्याची मिठाई, आणि कांगितेन म्हणजे हत्तीच्या तोंडाचा देव. त्याची मूर्ती बहुधा झाकूनच ठेवतात. आवरण दगडासारखं, आणि पुरणात लवंग-दालचिनीसारखे धुपातले मसाले. नवरा म्हणाला, मोदक उदबत्तीच्या पुड्यात राहिलाय. आईने मात्र आधी नमस्कार केला, मग खाल्ला.

किंकाकुजी, म्हणजे सोन्याने मढवलेलं देऊळ, नवऱ्याच्या हट्टाखातर झालं. पन्नास मिनिटं गाडीत, पंचवीस मिनिटं तळ्याकाठी. १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने आग लावली आणि १९५५ मध्ये पुन्हा उभं केलं, हे कळल्यावर नवऱ्याचा उत्साह जरा उतरला. तिकीट मात्र सुरेख, लांब कागदावर मंत्रासारखी अक्षरं. ते आईने पोथीत ठेवलंय.

बुक करणार असाल तर गाडीची नंबरप्लेट हिरवी आहे का ते विचारा. प्रवासी वाहतुकीच्या परवान्याची गाडी तशीच असते. २०१८ पासून गाईडचा परवाना नसलेल्यांनाही पैसे घेऊन ते काम करता येतं. तेव्हा राष्ट्रीय परीक्षा दिलेली गाईड हवी असेल तर तसं स्पष्ट मागा. आमच्या बाई परीक्षा दिलेल्या होत्या, फरक कळतो. टिप त्यांनी घेतली नाही. शंकरपाळ्यांची पिशवी दोन्ही हातांनी घेतली.

गाईडला पाच तारे, एजन्सीला दोन. पुढच्या नोव्हेंबरात नाराला जायचंय. तिथल्या महाबुद्धाचे डोळे ७५२ साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने रंगवले, हे कळल्यापासून आई मागे लागली आहे. एजन्सीला मेल टाकली, त्याच बाई हव्यात म्हणून. बाईंचं उत्तर एजन्सीमार्फत आलं: दोनच ठिकाणं ठेवूया, आणि आईंना सांगा, ती पिवळी पूड जास्त आणा.