अर्धा ब्रेड वाळलाय: पांझानेला करू की पाप्पा?

इटलीतल्या तोस्काना भागातला पारंपरिक ब्रेड आळणी असतो, पिठात मीठ घालतच नाहीत. नुसता खाल्ला तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. पण दोन-तीन दिवसांत दगड झाला की तोच कामाला येतो, कारण रस, तेल, व्हिनेगर, काय द्याल ते तो पितो. तिथल्या घरांत अशा ब्रेडची बहुतेक पांझानेला (ब्रेड-टोमॅटोची गार कोशिंबीर) नाहीतर पाप्पा अल पोमोदोरो (टोमॅटोत शिजवलेलं ब्रेडचं घट्ट सूप) होतं.

पांझानेला उन्हाळ्याची, गॅस न पेटवता होणारी. ब्रेड गार पाण्यात भिजवायचा, घट्ट पिळायचा आणि हाताने मोकळा करायचा, शिळ्या पोळीचा कुस्करा करतो तसा. त्यात टोमॅटो, पातळ चिरलेला लाल कांदा, काकडी, बेझिल, ऑलिव्ह तेल, व्हिनेगर, मीठ. अर्धा तास मुरू द्यायचं. भाजलेल्या कुरकुरीत तुकड्यांची जी कोशिंबीर हॉटेलात या नावाने मिळते ती चवीला वाईट नसते, पण कुस्करा नाही तर पांझानेला कसली? टोमॅटो रुळण्याआधी हा पदार्थ कांद्यावरच चालायचा. १६व्या शतकातला फ्लॉरेन्सचा चित्रकार ब्राँझिनो याने एका कवितेत कांदा, तेल आणि व्हिनेगरचं कौतुक करून ठेवलंय.

अडचण एकच: इथे काही लपत नाही. टोमॅटो फिके असतील तर पदार्थ फिका. आणि दूध-साखरेचा मऊ स्लाइस ब्रेड पाण्यात घातलात तर हातात लगदा येईल.

पाप्पा जास्त सोशिक. पाप्पा म्हणजे तान्ह्या बाळाला भरवतात तसलं मऊ खाणं, आपला गुरगुट्या भातच म्हणा. चौघांसाठी तेलात दोन-तीन लसूण पाकळ्या मंद आचेवर परतायच्या, ७०० ग्रॅम टोमॅटो (डब्यातले चालतात) घालून वीसेक मिनिटं शिजवायचे. मग साधारण २५० ग्रॅम ब्रेडचे तुकडे आणि ते बुडतील इतकं गरम पाणी. दहा-पंधरा मिनिटांनी गॅस बंद करून तासभर झाकून ठेवायचं, नंतर डावाने घोटायचं. वरून कच्चं ऑलिव्ह तेल, हात आखडू नका. टोमॅटो आंबट निघाले तर चिमूटभर साखर. आपला ब्रेड खारा असतो, म्हणून मीठ शेवटी चाखून.

रिबोलिता या तिथल्याच ब्रेड-भाज्यांच्या सूपचं नाव कुणीतरी काढेलच. तिला काळसर पानांचा तिथला कोबी, पांढऱ्या घेवड्याचे दाणे आणि आदल्या दिवसाचं सूप लागतं. केवळ ब्रेड संपवायला एवढा घाट घालू नये.

स्लाइस ब्रेडच उरला असेल तर दोन्ही विसरा आणि दक्षिणेकडे, सिसिलीकडे बघा. तो कडक वाळवून जाडसर चुरा करायचा, ऑलिव्ह तेलात लसूण-मिरचीवर सोनेरी परतायचा आणि स्पॅगेटीवर पेरायचा. चीज महाग होतं त्या घरांत हीच चाल होती. वाळका चुरा हवाबंद डब्यात राहतोही बरेच दिवस. बुरशीचा ठिपका दिसलेला ब्रेड मात्र यातल्या कशालाच नको.

टोमॅटो खरंच गोड, लालबुंद असतील आणि बाहेर ऊन असेल तर मी पांझानेला करीन. एरवी पाप्पाच, आणि दुप्पट: पांझानेला दुसऱ्या दिवशी पाणी सोडते, पाप्पा उलट मुरते.