कोल्हापूरची ख्रिस्ती कादंबरी: १८५७ घ्यावं की १९१९?

कोल्हापुरात घडणारी ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली असेल, तिच्यात रहस्य, प्रेम आणि अन्यायाशी झुंज असं सगळंच हवं असेल, तर आधी काळ ठरवा.

रहस्याची आवड असलेल्याला १८५७ ओढणारच. ३१ जुलैच्या रात्री कंपनीच्या फौजेतल्या २७ व्या पलटणीचं बंड, खजिन्याची लूट, पुढे छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांची कराचीला रवानगी. कोण कुणाला सामील होतं, हे शेवटपर्यंत ताणता येतं. पण ख्रिस्ती बाजू इथे तोकडी पडते. अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांनी कोल्हापुरात काम सुरू केलं १८५२ मध्ये. मंडळी, म्हणजे इथल्या ख्रिस्ती लोकांचं चर्च, अजून रुजायची होती. मग गोष्ट पाद्रीसाहेबांच्या बंगल्यात जाऊन बसते आणि बाप्तिस्मा घेतलेला इथला माणूस नुसता मागे उभा राहतो. अशी कादंबरी मला वाचवत नाही.

१९१९ मध्ये हाच माणूस पुढे येतो: मराठी पाळक (चर्चचा धर्मगुरू), शाळेतली शिक्षिका, घरोघरी बायबल वाचून दाखवणारी बायबलबाई. मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल, तिथवर रेल्वे, म्हणजे परिचारिका नायिका सहज ये-जा करते. आदल्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ येऊन गेलेली. आणि १९१९ मध्येच शाहू महाराजांचा हुकूम, की सरकारी दवाखान्यात अस्पृश्यांना समानतेने वागवा. साथीत मेलेल्या बाईला दवाखान्यात घेतलं होतं, की दारातूनच परत पाठवलं? नोंदवहीत खाडाखोड कुणी केली? खजिन्याच्या लुटीपेक्षा मला हे रहस्य जास्त अस्वस्थ करतं.

प्रेमकथेत तर फरक फारच मोठा. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात १८५६ मध्ये झाला, कोल्हापूर संस्थानात तो महाराजांनी १९१७ मध्ये केला. १८५७ मधली विधवा ख्रिस्ती झाली, की लग्नासाठी झाली असं वाचक म्हणणार. १९१९ मध्ये तिला धर्म न सोडताही पुन्हा लग्न करता येतं. म्हणून ती येशूकडे वळली तर विश्वासानेच वळली. श्रद्धेची कादंबरी लिहिणाऱ्याला याहून मोठं काय हवं?

एक मात्र सांभाळा. १९०२ च्या पन्नास टक्के राखीव जागांपासूनचं महाराजांचं श्रेय मिशनच्या पदरात टाकू नका.

तरीही १८५७ च घ्यायचं असेल, तर रहस्य वाटणीत शोधा. धर्म बदलला तरी वारसा जात नाही, असा कायदा १८५० मध्ये कंपनीने केला, पण तो तिच्याच मुलखापुरता. बाप्तिस्मा घेतलेल्या थोरल्या भावाची जमीन संस्थानात कुणाच्या नावावर चढली, तिथून सुरुवात करा.