दारातला कॅमेरा, स्टीलचा अडसर आणि पेपर जेल: आठ महिने वापरून

आमच्या दाराला मॅजिक आय, म्हणजे बाहेरचं बघायचं भिंग होतं, साखळी होती, लॅचही चांगलं होतं. तरी गेल्या वर्षी एका दुपारी एक अनोळखी माणूस आत शिरला. आई ७८ वर्षांची, घरात एकटीच. बेल वाजली, बाहेरून आवाज आला, "मीटर बघायचाय." आईनं साखळी लावून दार वीतभर उघडलं आणि त्यानं खांदा लावला. साखळीची पट्टी स्क्रूंसकट चौकटीतून उपटून आली. त्याच वेळी वरच्या मजल्यावरून कुणीतरी उतरत होतं, त्यांनी ओरडून हटकलं म्हणून तो पळाला. आईच्या मनगटावर मुका मार बसला. पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे पुढचे दोन महिने बेल वाजली की तिचे हात थरथरायचे.

संध्याकाळी ते स्क्रू मी फरशीवरून वेचले. १६ मिमीचे होते. आट्यांना रंगाचे पोपडे आणि लाकडाचा भुसा चिकटलेला होता. साखळी शाबूत होती, तिची एक कडीही वाकली नव्हती. तिला धरून ठेवणारं लाकूड तेवढं फाटलं होतं.

मी आईला विचारलं, भिंगातून बघितलं का नाहीस? ती म्हणाली, "माझे डोळे पोचतात का तिथवर?" भिंग जमिनीपासून १५० सेंमीवर होतं. आईची अख्खी उंचीच १४२ सेंमी. ते भोक बाबांनी स्वतःच्या नजरेच्या बेतानं पाडून घेतलं होतं. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. एवढी वर्षं ती केवळ आवाजाच्या भरवशावर दार उघडत होती आणि रोज तिच्यासोबत राहूनही मला ते दिसलं नव्हतं. म्हणून हे सगळं लिहिते आहे. कुठलंही उपकरण घेण्याआधी, घरात बेलला उठून जाणारं माणूस कोण आहे ते बघा आणि टेप घेऊन त्याची उंची मोजा.

आम्ही तीन गोष्टी बसवल्या. डिजिटल मॅजिक आय, म्हणजे दाराच्या भोकात बसणारा कॅमेरा आणि आतल्या बाजूला त्याचा पडदा. हॉटेलांच्या खोल्यांना असतो तसा आडवा फिरणारा स्टीलचा अडसर. आणि पेपर जेलची, म्हणजे अंगावर येणाऱ्याच्या तोंडावर मारायच्या मिरचीच्या घट्ट जेलची, एक डबी.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करते. आमचं दार ३८ मिमी जाडीचं. कॅमेऱ्याचा दांडा ३५ ते ९५ मिमी जाडीला चालतो, त्यामुळे बसवायला अडचण आली नाही. सुतारानं नवं भोक १२८ सेंमीवर पाडलं आणि जुनं भोक लाकडाची खिटी ठोकून बुजवलं. मला आता किंचित वाकून बघावं लागतं, आईला मात्र सरळ उभं राहून दिसतं. पडदा ४.३ इंची आहे, चष्मा नसला तरी तिला माणूस ओळखू येतो. साध्या भिंगाला डोळा लावावा लागतो, एक डोळा मिटावा लागतो, तोल सांभाळावा लागतो. वयस्कर माणसाला हे जड जातं. शिवाय साध्या भिंगाशी आपण उभे राहिलो की बाहेरून त्यातला उजेड झाकोळतो, म्हणजे घरात कुणी आहे हे समोरच्याला कळतं. भिंगाला उलटं लावायची दुर्बीण मिळते, तिनं बाहेरून आतलंही दिसतं. साधंच भिंग असेल तर त्यावर आतून झाकण हवंच.

दाराच्या कॅमेऱ्यांबद्दल वाचत असताना मला मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन सापडल्या. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या नर्स. त्यांच्या आणि पतीच्या कामाच्या वेळा जुळायच्या नाहीत, त्यामुळे वेळी-अवेळी घरी एकटं असावं लागे, आणि पोलीस यायला वेळ लागे. त्यांनी पती आल्बर्ट यांच्यासोबत १९६६ साली दाराच्या सुरक्षा यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६९च्या डिसेंबरमध्ये ते मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांवरून वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय, दुरून कुलूप उघडायचं आणि धोक्याची सूचना द्यायचं बटण. वेगवेगळ्या उंचीची चार भोकं! ज्या बाईला खरोखर दारामागे एकटं उभं राहावं लागत होतं, तिनं उंचीचा विचार पहिल्याच आराखड्यात केला होता. ते वाचून मी बराच वेळ गप्प बसून होते.

आता या कॅमेऱ्याच्या उणिवा. बेल दाबल्यावर पडदा उजळायला दोन-अडीच सेकंद लागतात. आईला आम्ही सवय लावली की बेल वाजली तरी घाई करायची नाही, तोवर पडदा जागा होतो. बॅटरी सहा महिने टिकेल असं खोक्यावर लिहिलं होतं, प्रत्यक्षात सात आठवडे टिकली. कारण हालचाल टिपणारा सेन्सर. तो उष्णतेतला बदल ओळखतो, त्यामुळे जिन्यातलं मांजर गेलं तरी जागा होतो. संवेदनशीलता खालच्या पायरीवर आणल्यावर बॅटरी साडेतीन महिन्यांवर गेली. संध्याकाळी बाहेरच्या खिडकीतून ऊन येतं तेव्हा माणूस काळ्या आकृतीसारखा दिसतो. हा दोष मला सर्वांत मोठा वाटतो. त्यावर उपाय म्हणून आम्ही दाराबाहेर, आमच्याच बाजूला, हालचालीवर लागणारा दिवा बसवला. आता चेहरा दिसतो, आणि रात्री तर या दिव्याचा उपयोग कॅमेऱ्याइतकाच होतो. अंधारासाठी कॅमेऱ्यातच इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या उजेडाचे दिवे आहेत, ८५० नॅनोमीटरचे. बाहेरून त्याचे बारीक लालसर ठिपके दिसतात. मला ते खटकत नाही, दाराला कॅमेरा आहे हे कळलेलंच बरं.

स्पीकरचा आवाज मात्र कमी आहे. आईला एका कानानं कमी ऐकू येतं. बाहेरच्याचं बोलणं तिला दोनदा विचारावं लागतं. पुढच्या मॉडेलमध्ये एवढं तरी सुधारावं अशी मनापासून इच्छा आहे, कारण असली वस्तू वयस्कर माणसांनाच सर्वांत जास्त लागते.

रेकॉर्डिंग आतल्या कार्डवरच राहील असं मी ठरवलं. आल्या आल्या कंपनीचा पासवर्ड बदलला आणि समोरच्या घराचं दार चित्रात येत होतं तो भाग सेटिंगमध्ये झाकून टाकला. शेजाऱ्यांना तो झाकलेला भाग दाखवूनही आले. त्यांच्या घरी कोण येतं-जातं हे माझ्या कार्डवर असण्याचं काही कारण नाही.

अडसराबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण तो उत्तम आहे. दार ७ सेंमीच्या वर उघडत नाही. पण वस्तूपेक्षा स्क्रू महत्त्वाचे. खोक्यात पुन्हा तेच आखूड स्क्रू निघाले, ते मी बाजूला ठेवले. सुतारानं ७५ मिमीचे स्क्रू घातले, चौकट ओलांडून मागच्या भिंतीत गेलेले. लॅचच्या पट्टीलाही तेच केलं. खांद्याच्या धक्क्याला दार क्वचितच मोडतं, चौकटच फाटते. तुमच्या घरी साखळी असेल तर आज एक स्क्रू काढून त्याची लांबी बघा. एक गोष्ट लक्षात ठेवा. आतून अडसर लावला आणि माणूस आतच पडला, तर बाहेरून किल्ली असूनही दार उघडणार नाही. म्हणून आईसाठी आमचा नियम असा की अडसर कायम लावून ठेवायचा नाही. दार उघडायची वेळ आली तरच आधी अडसर लावायचा, मग लॅच काढायचं.

माझ्या धाकट्या भावाचं म्हणणं वेगळं होतं. घटनेनंतर तो आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, घरात पिस्तूल हवंच. परवाना काढ." त्याची काळजी खरी होती, म्हणून मी विषय उडवून लावला नाही. आम्ही दोघं त्यावर चार रात्री बोललो. डेनिस ट्युलर नावाच्या अमेरिकी पोलीस प्रशिक्षकानं १९८३ साली लिहिलेल्या लेखाबद्दल भावानंच सांगितलं. चाकू घेतलेला माणूस २१ फुटांचं, म्हणजे साधारण साडेसहा मीटरचं अंतर दीड सेकंदात कापू शकतो, आणि तेवढाच वेळ सराव असलेल्या पोलिसाला कमरेचं पिस्तूल काढून नेम धरून गोळी झाडायला लागतो. मी उठून आमच्या उंबरठ्याशी उभी राहिले आणि त्याला बाहेर उभं केलं. आमच्यात हातभराचं अंतर होतं. त्या अंतरावर उघड्या दारात शस्त्र घेऊन उभं राहिलं तर ते शस्त्रच समोरच्याच्या हाताशी येतं. भाऊ काही बोलला नाही, पण त्याला ते दिसलं.

शिवाय चुकीच्या माणसाचं काय? २०२३च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला १६ वर्षांचा एक मुलगा धाकट्या भावंडांना आणायला निघाला, पत्ता चुकला आणि भलत्याच घराची बेल दाबली. आतल्या वृद्ध माणसानं दाराच्या काचेतून गोळ्या झाडल्या. मुलाच्या डोक्याला आणि हाताला गोळी लागली. तो वाचला. त्या दारात "कोण पाहिजे?" एवढं विचारलं गेलं असतं तर दोन्ही घरांचं आयुष्य वेगळं झालं असतं. भीती दोन्हीकडे खरी असते, म्हणूनच मधलं दार बंद असायला हवं. पिस्तूल आमच्याकडे आलं नाही. भाचे सुट्टीत येतात, कपाटात कुलपाबाहेर ठेवता येणार नाही आणि कुलपात असेल तर बेल वाजल्यावर हाताला लागणार नाही.

पेपर जेल मात्र घेतलं. तेही आधी कायदा बघून. ब्रिटनसारख्या देशात १९६८च्या फायरआर्म्स ॲक्टखाली त्यावर बंदी आहे, तेव्हा तुम्ही राहता तिथं काय आहे ते नक्की बघा. फवारा न घेता जेल घेतलं याचं कारण दारच आहे. दार उघडलं की वारा आत येतो, आणि बारीक फवारा आपल्याच डोळ्यांत परततो. जेल घट्ट असतं, सरळ रेषेत जातं, हवेत कमी पसरतं. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही१ या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टरला चेतवतं, तोच ग्राहक चटका बसल्याचं शरीराला कळवतो. म्हणून त्वचा भाजलेली नसतानाही भाजल्यासारखी आग होते. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे नुसत्या पाण्यानं ते झटकन जात नाही. चोळायचं नाही, मोकळ्या हवेत यायचं, भरपूर पाणी मारत राहायचं, त्वचेला साबण लावायचा. साधारण अर्धा-पाऊण तास त्रास राहतो.

सरावासाठी त्याच कंपनीची नुसत्या पाण्याची डबी मिळते, ती जरूर घ्या. मी भाच्याला बाहेर उभं केलं, डबी चपलांच्या कपाटावर ठेवली आणि दार उघडं असताना त्याला आत यायला सांगितलं. पाच वेळा केलं. पाचही वेळा खटका सरकवायच्या आत तो माझ्या अंगाशी पोचला. मग अडसर लावून पुन्हा पाच वेळा. पाचही वेळा सात सेंमीच्या फटीतून त्याचा शर्ट भिजला. आईच्या बोटांना मात्र तो खटका सरकवता येत नाही, सांध्यांची दुखणी आहेत. म्हणून डबी माझ्यासाठी आहे, आईसाठी नाही, हे आम्ही स्पष्ट ठरवलं. तिच्या हातात नको ती वस्तू दिली तर तिला खोटा धीर येईल आणि ती दार उघडेल. तिच्यासाठी पडदा, स्पीकर आणि माझा नंबर लावलेलं फोनचं एक मोठं बटण. डबीच्या बुडाला तारीख असते. आतला दाब काळानं कमी होतो, तारीख उलटली की बदलायची.

मागच्या महिन्यात रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी बेल वाजली. मी बाहेर होते. नंतर कार्डवर बघितलं. दोन माणसं, एक समोर, दुसरा भिंतीला टेकलेला. साध्या भिंगातून आईला दुसरा दिसलाच नसता. आई म्हणते, "कोण पाहिजे?" ते एक आडनाव सांगतात. तिला ऐकू येत नाही, ती पुन्हा विचारते. ते मोठ्यानं सांगतात. "ते वर राहतात, तिसरा मजला, डावीकडचं दार. जिन्यातला दिवा गेलाय, जपून जा." दोघं हात जोडतात आणि वर जातात. आवाजात कंप नाही. सगळं मिळून दीड मिनिट, आणि तिनं लॅचला हातही लावला नाही.