जुन्या वेब्लीचा एक स्क्रू आणि काकांचे साडेनऊ हजार

ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळची रिव्हॉल्वर लायसनवर आहे त्यांनी हे जरूर वाचा, कारण जुने पार्ट विकतो म्हणून ऑनलाइन गंडवणारे लोक नेमके तसल्याच घरांच्या मागावर असतात.

आमच्या काकांकडे वेब्ली अँड स्कॉट आहे, .३२ ची, बर्मिंगहॅमची, मधून मोडून उघडते तसली. आजोबांनंतर कलेक्टर ऑफिसातून रीतसर काकांच्या नावावर झालेली. तिच्या मुठीच्या दोन्ही काळ्या पट्ट्या एकाच आरपार स्क्रूवर असतात, तो कधीतरी ढिला होऊन पडला. बाकी बिघाड काही नाही. चुलतभावाने फेसबुकवर शोधलं तर एक व्हिंटेज पार्ट्सवाला सापडला, फोटो झकास, भाव २८०० रुपये. एवढ्याशा स्क्रूला! तर म्हणे ओरिजिनल इंग्लंडचा पीस आहे साहेब, तुमच्या नंबरला मॅच करूनच पाठवतो. आणि मॅच करायला म्हणून रिव्हॉल्वरच्या नंबरचा फोटो, लायसनची सगळी पानं आणि आधार मागून घेतलं.

अहो, मुठीच्या स्क्रूला नंबर कशाला लागतो? खरा माल हाच होता त्यांचा, ही कागदपत्रं.

२८०० गेले, मग कस्टमच्या एनओसीचे ६७०० 'रिफंडेबल' म्हणून गेले, आणि मग एका 'इन्स्पेक्टर'चा फोन आला की तुम्ही हत्याराचा पार्ट बेकायदा मागवलाय, केस होणार, लायसन जाणार, मिटवायचं असेल तर पन्नास हजार. काकांचा लायसन नंबर, आजोबांचं नाव, सगळं घडाघडा वाचून दाखवलं त्याने. काका इतके हादरले की काकूलासुद्धा सांगेनात.

धमकी लागू पडते कारण ती अर्धी खरी असते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्र म्हणजे त्याचे सुटे भागसुद्धा येतात, आणि विकायला किंवा रिपेअर करायला वेगळं लायसन लागतं. पण म्हणजे आधी अडचणीत तो विकणारा आहे ना, आणि केस फोनवर पैसे घेऊन मिटवणारा पोलीस नसतोच. हे चुलतभावाने मला दाखवलं तेव्हा मी तो स्क्रूचा फोटो गुगलवर टाकला, तर तो इंग्लंडातल्या एका दुकानाचा निघाला, मापाला शेजारी ठेवलेलं नाणं चक्क ब्रिटिश पेनी.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. दुसऱ्या खात्यातली, म्हणजे त्या ६७०० मधली, थोडी रक्कम होल्ड झाली, पहिले २८०० आधीच काढून नेलेले. होल्डचे पैसेही अजून हातात आलेले नाहीत.

स्क्रूचं काम शेवटी लायसन असलेल्या गनहाऊसच्या मिस्त्रीने केलं. ओरिजिनल लायसन बघितलं, रजिस्टरला नोंद केली, लेथवर स्क्रू करून दिला, पावतीसह ४५० रुपये. त्याने सांगितलं की हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू चुकूनही बसवू नका, आताच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशाचा आणि जुन्या इंग्लिश व्हिटवर्थ पद्धतीच्या आट्यांचा ५५, शिवाय पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वेगळा, दोन आटे आत जातो आणि मग जाम होतो. जोर लावला की पलीकडच्या पट्टीतली, स्क्रू ज्यात बसतो ती आट्यांची चकतीच खराब होते. आणि त्या पट्ट्या कडक रबराच्या, जुन्या झाल्यावर जास्त आवळल्या तर तडकतात.

कागदपत्रं मात्र अजून त्या चोरांकडेच आहेत. म्हणून कलेक्टर ऑफिसच्या लायसन शाखेत लेखी अर्ज दिलाय की कॉपी गैरहातात गेलीय, सोबत १९३० च्या तक्रारीचा नंबर जोडलाय, शिक्का मारून पोच घेतलीय. काका तिथे जायलाच घाबरत होते, म्हणे उलट आपल्यालाच धरतील. तिथल्या क्लार्कने शांतपणे अर्ज घेतला आणि म्हणाला असे आधीही आलेत. 'इन्स्पेक्टर'चा फोन अजून अधूनमधून येतो, काका आता उचलत नाहीत, स्क्रीनशॉट काढून ठेवतात.