केळीच्या भावाची साइट मान टाकते : मोठा सर्व्हर की कॅशिंग?

केळीचे भाव जाहीर व्हायच्या वेळेला रावेर, यावल, चोपड्यातले शेतकरी एकदमच मोबाइल उघडतात. दिवसभर निवांत असलेली साइट त्या पंधरा मिनिटांत मान टाकते. मी सांभाळतो त्या साइटवर असंच व्हायचं. होस्टिंगवाल्याचं उत्तर ठरलेलं : पुढचा प्लॅन घ्या. घेतला, आणि गर्दी वाढल्यावर पुन्हा तेच. दारात माल उभा असताना शेतकऱ्याला भाव दिसत नाही, हे मला फार लागायचं.

वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅशिंग, म्हणजे तयार पान साठवून सगळ्यांना तेच देणं, नसेल तर प्रत्येक भेटीला पीएचपी (पान तयार करणारा प्रोग्राम) चालतं, डेटाबेसला विचारणा होते आणि पान नव्यानं तयार होतं. २ जीबी रॅममध्ये पीएचपीच्या २५ प्रोसेस मावतात आणि एका पानाला अर्धा सेकंद लागतो असं धरा. म्हणजे सेकंदाला ५० पानं. त्यापुढचे रांगेत. रॅम आणि प्रोसेसरचे कोअर दुप्पट केले तर फार तर १०० पानं, आणि भाडं मात्र बाराही महिने वाढीव.

भावाचं पान तर सगळ्यांना सारखंच दिसतं. एन्जिनएक्सला (पानं पाठवणारं वेब सर्व्हर सॉफ्टवेअर) ते १० सेकंद साठवायला सांगितलं, कॅश लॉक (पान नव्यानं बनवायचं काम एकाच मागणीला देणारी सोय) चालू ठेवलं आणि नवं पान तयार होईपर्यंत जुनंच दाखवायला (use_stale updating) सांगितलं, तर सेकंदाला ५०० जण आले तरी पीएचपीला १० सेकंदांतून एकदाच काम पडतं. भाव साधारण १० सेकंद जुना दिसेल. तेवढ्यानं कुणाचं नुकसान होत नाही. म्हणून अशा साइटला मी आधी कॅशिंगच सांगतो. लॉगिन केलेल्यांची पानं तेवढी त्यातून वगळा, नाहीतर एकाचं खातं दुसऱ्याला दिसेल.

टिश्यू कल्चर रोपांचं बुकिंग घेत असाल तर मात्र हिशेब उलटा होतो. प्रत्येकाची ऑर्डर वेगळी, शिल्लक रोपांचा आकडा दर ऑर्डरीला बदलणारा. तिथं साठवलेलं पान कामाचं नाही. आधी स्लो क्वेरी लॉग (डेटाबेसला वेळ लावणाऱ्या विचारणांची नोंद) बघून डेटाबेसला इंडेक्स (माहिती पटकन शोधायची सूची) लावा; तरीही सीपीयू भरलेला राहिला तर मोठा सर्व्हर घ्या, तो खर्च योग्य आहे.

सीडीएन, म्हणजे साइटची प्रत वाचकाजवळच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा, हा तिसरा पर्याय. क्लाउडफ्लेअर या अशा सेवेचा फुकट प्लॅन फोटो आणि सीएसएस (पानाच्या सजावटीच्या फाइल) साठवतो, पण पानाचं एचटीएमएल, म्हणजे भाव असलेला मूळ मजकूर, आपणहून साठवत नाही. त्याचा नियम वेगळा लावावा लागतो. लोक इथंच फसतात. सर्व्हर अमेरिकेत असेल तर सीडीएन जास्त उपयोगी पडतं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १३,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरशी जाऊन-येऊन एका फेरीलाच किमान १३० मिलिसेकंद जातात, आणि एक पान उघडायला अशा कितीतरी फेऱ्या होतात. मुंबईतला सर्व्हर मिळत असेल तर तोच घ्या.

फोटोंचं दुखणं वेगळंच. घडाचा ४ एमबीचा फोटो मोबाइलवरून जसाच्या तसा चढवला, तर सातपुड्याच्या पायथ्याच्या कमी रेंजमध्ये कुठलाही सर्व्हर तो लवकर पोचवू शकत नाही. वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये आणून १५० केबीच्या आत बसवा.

पैसे भरण्याआधी एका रात्री, गर्दी नसताना, स्वतःच्याच साइटवर अपाचेबेंच या खोटी गर्दी पाठवणाऱ्या टूलनं, एका वेळी ५० जण धरून, १,००० मागण्यांची चाचणी घ्या. कॅशिंग लावण्याआधी एकदा, लावल्यावर एकदा. सेकंदाला किती मागण्या भागल्या ते दोन्ही आकडे लिहून ठेवा आणि मगच होस्टिंगवाल्याला फोन करा.