हर्क्युलिस ते एमरीव्हिल: आय-८० स्मार्ट कॉरिडॉर रोज वापरणारीचं मत

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात नव्याने आलेल्या मैत्रिणींना हर्क्युलिस किंवा पिनोलमधलं घर सुचवलं की पहिला प्रश्न ठरलेला: "अगं, पण ती आय-८०?" म्हणजे गर्दीने तुंबणारा इथला मोठा हायवे. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. २०१७ पासून मी हर्क्युलिसहून एमरीव्हिलच्या एका लॅबमध्ये कामाला जाते. सकाळी सातला निघायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत मुलीला घ्यायला परत पोचायचं, त्यामुळे हा रस्ता मला तोंडपाठ आहे.

या रस्त्याला एकही नवी लेन न घालता, कार्किनेझ पूल ते बे ब्रिज या सुमारे २० मैलांवर सप्टेंबर २०१६ मध्ये 'स्मार्ट कॉरिडॉर' सुरू झाला. खर्च ७.९ कोटी डॉलर. त्यात २००६ मध्ये राज्याच्या मतदारांनी मंजूर केलेल्या रोख्यांचेही पैसे आहेत. लेन वाढवायला जागाच नाही. बर्कलीपाशी एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला शहर. म्हणून आहे तोच रस्ता शहाणपणाने चालवायचा, असं ठरलं.

सकाळी मी ज्या बाजूने जाते तिथे रिचमंड ते एमरीव्हिल दरम्यान रस्त्यावर लोखंडी कमानी आहेत आणि प्रत्येक लेनच्या डोक्यावर एक पाटी. पुढे अपघात झाला असेल तर त्या लेनवर लाल फुली येते. शिवाय सल्ल्याचा वेग दिसतो. तो बंधनकारक नाही, दंड होत नाही, आणि खरं सांगायचं तर फार कमी लोक तो पाळतात. मी पाळते. पुढे गाड्या थांबलेल्या असताना मागून कोणी सुसाट येऊन आदळू नये यासाठीच तो आहे. लाल फुली मात्र सगळेच मानतात, आणि आधीच लेन बदलायला मिळाल्याने शेवटच्या क्षणाची घुसाघुशी पुष्कळ कमी होते.

हायवेवर चढायच्या रॅम्पवर सिग्नल आहेत, एका हिरव्याला एक गाडी. याला सुरुवातीला गावांचा विरोध का असेल, हे माझ्या लगेच लक्षात आलं. लांबून येणाऱ्यांचा हायवे मोकळा राहावा म्हणून आमच्या गल्ल्यांत रांगा का लागाव्यात? म्हणून रॅम्पच्या वरच्या टोकालाही सेन्सर असतात. रांग गावातल्या रस्त्यावर यायला लागली की सिग्नल भराभर गाड्या सोडतो.

पण या सगळ्यात मला खरं मोल वाटतं ते सॅन पाब्लो ॲव्हेन्यूचं. हा जुना रस्ता हायवेला धरून चालतो आणि हर्क्युलिस, पिनोल, सॅन पाब्लो, रिचमंड, एल सेरिटो, अल्बनी, बर्कली, एमरीव्हिल अशी गावं एकामागून एक ओलांडतो. रिचमंडच्या पुढचा भाग राज्याचा महामार्ग १२३, तर उत्तरेकडचा त्या त्या गावाचा. हायवे तुंबला की सगळी गर्दी इथेच उतरते. म्हणून राज्याचं वाहतूक खातं कॅल्ट्रान्स, दोन काउंट्यांच्या वाहतूक संस्था, ही सगळी गावं आणि बससेवा यांनी मिळून ठरवलं की हायवेवर अपघात झाला की सॅन पाब्लोच्या सिग्नलच्या वेळा बदलायच्या आणि छोट्या इलेक्ट्रॉनिक पाट्यांनी गाड्यांना अपघाताच्या पुढे हायवेवर परत न्यायचं.

मी पिंपरीत वाढले, कॉलेज पुण्यात केलं. हॅरिस पूल ओलांडला की महापालिका बदलते, हे लहानपणापासून माहीत. एका रस्त्यासाठी आठ गावांना एका टेबलाशी बसवणं किती कठीण असेल, ते मला कोणी समजावून सांगायला नको.

एका पावसाळी जानेवारीत कटिंग बुलेव्हार्डच्या जरा पुढे दोन लेनवर लाल फुल्या दिसल्या. मी सेंट्रल ॲव्हेन्यूला उतरले. फोनमधला नकाशा मला बर्कलीच्या घरांमधल्या गल्ल्यांतून वळसा घालायला सांगत होता. तिथे शाळेची मुलं चालत असतात, म्हणून मी सॅन पाब्लोच धरला. सिग्नल बऱ्यापैकी जुळून मिळाले. पुढे डावीकडच्या खांबावर आय-८० आणि उजवीकडचा बाण उजळला, तशी मी वळले आणि अपघात मागे टाकून हायवेवर आले. कामावर वीस मिनिटं उशीर झाला. शेजारच्या बाकावरची सहकारी हायवेवरच थांबली होती, ती तासाभराने आली.

गर्दी यामुळे नाहीशी झालेली नाही. दिवसाला अडीच लाखांहून जास्त गाड्या जिथून जातात तिथे ती होणारही नाही. कारपूल लेनला, म्हणजे एका गाडीत मिळून जाणाऱ्यांसाठी राखलेल्या लेनला, इथे तीन माणसं लागतात, दोघं चालत नाहीत, हे नव्या लोकांनी ध्यानात ठेवा. पण अवघ्या प्रवासाचा अंदाज बांधता येतो आणि लहान मुलीच्या आईला तोच हवा असतो. पाचपैकी चार तारे देते.

घर बघायला येणार असाल तर मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेसातला या, रविवारी नको. एक खेप हायवेने करा आणि दुसरी सॅन पाब्लोने, खांबावरच्या त्या छोट्या पाट्या शोधत. एरवी त्या बंदच दिसतील.